गुरुवारचा खाडा

शुक्रवार, १० जानेवारी

प्रिय टिंब,

मावशींचा कालचा गुरुवार चांगला गेला, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू चहा घेत वाचशील. तुझ्या आईला खोकला नाही, गुडघा बरा आहे आणि माझ्यावरचा राग नेहमीइतकाच आहे. मी वृद्धाश्रमाच्या दारात पाय ठेवला तशी त्यांनी वही उघडली.

"चार वाजून तीन मिनिटं," म्हणाल्या.

"मावशी, तीन मिनिटं पायऱ्यांवर गेली. वय झालं आता."

"वय मला झालंय. तुला नुसता उशीर झालाय."

काचेच्या बरण्यांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं हजेरी मांडलेला हात तो, गप्प कसा बसेल? कोण आलं, किती वाजता, किती वेळ थांबलं, कोण आजारी, कोण रुसलेलं, सगळं त्या वहीत असतं. मॅनेजरबाई म्हणतात, आमच्या कॅमेऱ्यापेक्षा ही वही बरी, हिला वीज लागत नाही. माझ्या नावापुढे सहा वर्षांत एकही खाडा नाही, हे त्या नव्या माणसाला पान उघडून दाखवतात. वरवर काही म्हणत नाही, पण मला फार बरं वाटतं. कॉन्व्हेंट शाळेत मदरनी सगळ्या मुलींसमोर माझ्या कॉलरला ती चांदीची पिन टोचली होती ना, दहा वर्षांत एक दिवसही न चुकवल्याची, अगदी तसंच.

वाचायच्या खोलीत नेहमीचे पाच जण होते: मावशी, नकाशेकाका, शिवणमास्तर आणि तळमजल्यावरच्या दोघी बहिणी. सहावी कंगवाबाई, मावशींच्या मागे स्टुलावर. ती सगळ्या बायकांचे केस विंचरते म्हणून तिला हे नाव पडलं, आता ती स्वतःही फोनवर तेच सांगते. तिचा हात फिरू लागला की तुझी आई मांजरासारखे डोळे मिटते. काकांना कमी ऐकू येतं आणि मास्तरांना गार वारा सोसत नाही. म्हणून खिडक्या लावून घेतल्या, खुर्च्या माझ्याभोवती ओढल्या आणि तासभर घसा ताणून वाचलं.

पुस्तक तेच, टेकडीवरच्या बंगल्यातल्या खुनाचं. आता दोनच प्रकरणं उरली. काका म्हणाले, "बाई, खुनी कोण ते माझ्या कानात सांगून ठेवा. एक्याऐंशी वय आहे, पुढच्या गुरुवारचा भरवसा नाही."

मावशी वहीवरून मान न उचलता म्हणाल्या, "तुमच्या कानात सांगणं म्हणजे साऱ्या गावाला सांगणं."

तुझ्या कानांनी संप केल्यापासून आपण फोन सोडून पुन्हा पत्रांवर आलो, ते मला मनातून आवडलंय. मराठीच्या बाईंनी एका बाकावर बसवून एकीला टिंब आणि एकीला काना म्हटलं, त्याला पन्नासहून अधिक वर्षं झाली. तू अजून गोल आहेस का? मी अजून उभीच्या उभी आहे, पण आज अंग जरा मोडून आलंय, म्हणून पलंगावर बसून गुडघ्यावर पॅड ठेवून लिहितेय. यंदा थंडीच अशी आहे.

तुझी,
काना


बुधवार, १५ जानेवारी

प्रिय काना,

तुझं पत्र पोहोचलं तेव्हा त्यातलं सगळं जुनं झालं होतं. रविवारी सकाळी मॅनेजरबाईंचा निरोप आला. शनिवारी दुपारपासून आश्रमात चौघं आजारी: आई, काका, मास्तर आणि धाकटी बहीण. आईला ताप फार नव्हता. पण तिने मॅनेजरबाईंना विचारलं, पहिला भोंगा झाला का. कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली. बाईंनी तिला सरळ रुग्णालयात हलवलं, हे त्यांचे उपकार. म्हाताऱ्या माणसांत फ्लू कधी कधी असाच येतो, अंग न तापवता. एकदम गळून जातात, भलतंच बोलतात, आणि घरची माणसं म्हणतात की वय झालं. फ्लूच्या विषाणूवरचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर खरं उपयोगी पडतं, आणि तिला ते वेळेवर मिळालं. पण छाती भरली आहे. डॉक्टरांनी न्यूमोनिया म्हटलंय.

मी येऊ शकत नाही. नात तीन आठवड्यांची आहे. सहा महिन्यांची होईपर्यंत तिला ही लस देता येत नाही, आणि मी तिथून काय घेऊन येईन याचा नेम नाही. एका बाजूला आई, एका बाजूला पाळणा. तीस वर्षं वॉर्डात काढली, दुसऱ्यांच्या आयांजवळ बसले, आणि आपल्या वेळेला इथे दुपटी वाळत घालतेय.

आता कामाचं. आश्रमात बाहेरून हे कुणी आणलं ते मला कळलंय. ती कंगवाबाई. शनिवारी सकाळी तिनेच ताप आल्याचं कळवलं. दिवसभर एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर हात, तोंड त्यांच्या मानेपाशी. फ्लू असाच जातो. खोकण्याशिंकण्यातून, नुसत्या बोलण्यातूनसुद्धा बारीक तुषार उडतात, आणि जवळच्या माणसाच्या नाकातोंडात जातात. ते हातावर पडतात आणि हात चेहऱ्याला लागतो. मी मॅनेजरबाईंना लिहिलंय, या बाईला पुन्हा आत घेऊ नका.

तू एवढंच कर. आईची वही मॅनेजरबाईंकडे असेल. गुरुवार ते शनिवार आत कोण आलं आणि किती वेळ होतं, ते उतरवून पाठव. मी सगळ्या गोष्टी कागदावर पाहिल्याशिवाय बोलत नाही, तुला माहीत आहे.

आणि तुझं अंग मोडून आलं होतं, म्हणजे तुलाही तिने दिला. लस घेतली होतीस का? नसशीलच. "मला कधी काही होत नाही" हे तुझं वाक्य मी शाळेपासून ऐकतेय. झोपून राहा, पाणी पी. ताप असेपर्यंत आणि गोळीशिवाय ताप उतरून एक अख्खा दिवस होईपर्यंत घराबाहेर पडू नकोस.

तुझी,
टिंब


सोमवार, २० जानेवारी

प्रिय टिंब,

मी बरी आहे. ताप गुरुवारी उतरला. काल, रविवारी, मास्क लावून रुग्णालयात जाऊन आले. खोलीच्या दारातूनच पाहू देतात. मावशींच्या नाकात नळी आहे, चेहरा मुठीएवढा झालाय. मला पाहून त्या म्हणाल्या, "आज गुरुवार नाही." मला इतका आनंद झाला की मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. वार कळतोय म्हणजे डोकं ठिकाणावर आहे, नाही का? नर्स म्हणाली, काल थोडं सूप घेतलं आणि त्यात मीठ कमी आहे म्हणून तक्रारही केली.

काका आणि मास्तर आश्रमातच आहेत, अंथरुणावर. धाकटीची थोडक्यात सुटका झाली, थोरलीला काहीच झालं नाही. भेटी बंद, वाचनही बंद. गुरुवार आला आणि गेला, पण वाचनच नव्हतं म्हणून त्याला खाडा म्हणता येणार नाही.

वही मिळाली. शेवटची नोंद शनिवारची, "कंगवाबाई, ताप, खाडा", आणि पुढे नुसती रेघ ओढलीय. तेवढ्या शब्दांतसुद्धा अक्षर ओळीच्या खाली घसरत गेलंय. तू मागितलेलं उतरवते. गुरुवार: दूधवाला, फाटकापर्यंत. नळ दुरुस्त करणारा, तळमजला, वीस मिनिटं. कंगवाबाई, पूर्ण दिवस. शुक्रवार: डॉक्टर, पाऊण तास. कंगवाबाई, पूर्ण दिवस. शनिवार: बाहेरचं कुणी नाही. बाकी आपलीच माणसं.

परवा कंगवाबाई माझ्या घरी आली होती. आत आली नाही. मास्क लावून फाटकापलीकडे उभी राहिली, मी ओट्यावर.

"ताई, मॅनेजरबाई म्हणतात महिनाअखेरपर्यंत येऊ नकोस, मग ठरवू. म्हणजे मग नाहीच."

"तुला ताप कधी आला?"

"शनिवारी उठले ती तापातच. लगेच कळवलं आणि घरी बसले. आता सगळे म्हणतात, तूच आणलंस." मग ती म्हणाली, "ताई, मी कळवलं म्हणून सापडले. गोळी घेऊन गुपचूप कामाला गेले असते तर कुणाला काय कळलं असतं?"

मी म्हटलं, बघते. काय बघणार, ते मला ठाऊक नाही.

तुझी,
काना


शुक्रवार, २४ जानेवारी

प्रिय काना,

यादी मिळाली. मला वाटलं तसंच आहे. नळवाला वीस मिनिटांचा, डॉक्टर मास्क लावून येतात. पूर्ण दिवस आत असलेली एकच.

ती खोटं बोलते असं मी म्हणत नाही. लोकांना माहीत नसतं, पण ताप चढण्याच्या आदल्या दिवशीही माणूस आजार वाटत फिरत असतो. तिला शनिवारी ताप आला, म्हणजे शुक्रवारी तो तिच्यापाशी होता. तू मऊ मनाची आहेस. फाटकाशी येऊन कुणी दोन शब्द बोललं की तू विरघळतेस. शाळेतही तुझा डबा निम्मी शाळा खायची.

मॅनेजरबाई शुक्रवारी, ३१ तारखेला, निर्णय घेणार आहेत. त्यांनी माझं लेखी मत मागितलंय. बुधवारपर्यंत पाठवते.

आईला अजून नळी आहे. नातीला काल पहिल्यांदा हसू आलं, पण मला ते नीट पाहता आलं नाही.

तुझी,
टिंब


शनिवार, २५ जानेवारी

प्रिय टिंब,

कालचं तुझं पत्र आज सकाळीच हातात पडलं. हे मी दुपारच्या टपालाने, जलद पाठवतेय. तू ते मत पाठवण्याआधी तुला मिळायला हवं.

मी पाठवलेली यादी अपुरी होती. वहीत गुरुवारच्या पानावर आणखी एक ओळ आहे. जशीच्या तशी उतरवते:

"काना. ४.०३ ते ५.१५. वाचन. डोळे लाल. विचारलं, म्हणाली थंडी."

"आपलीच माणसं" या दोन शब्दांखाली मी स्वतःला झाकून ठेवलं होतं.

बुधवारी संध्याकाळी भांडी विसळताना मला हुडहुडी भरली. गुरुवारी सकाळी ताप एकशे दोन. दुपारी दोन वाजता गोळी घेतली, तीनला घाम आला आणि अंग हलकं झालं. मी स्वतःला म्हटलं, गेला ताप. तो गेला नव्हता, गोळीने नुसता दबला होता, हे आज मला पाठ आहे, पण तेव्हाही अगदीच माहीत नव्हतं असं नाही. दोन वेण्या घालणाऱ्या मुलीला जी पिन मिळाली ती म्हातारीच्या कॉलरवरून अजून उतरली नाही, टिंब. सहा वर्षांच्या त्या पानांवर माझ्या नावापुढे खाडा पडेल, या एका भीतीने मी बाहेर पडले. काका वाट बघत असतील, गोष्ट रंगात आली आहे, असली कारणं मी चढता चढता पायऱ्यांवर जमवली. तीन मिनिटांचा उशीर त्यामुळेच झाला. दर चार पायऱ्यांना मी थांबत होते.

आणि मग बंद खोलीत, माझ्याभोवती खुर्च्या ओढून, तासभर मोठ्यांदा वाचलं.

कंगवाबाईबद्दल वही काय म्हणते तेही ऐक. शुक्रवारी तिने अठरा जणींचे केस विंचरले. अठराही नावं मावशींनी लिहिली आहेत. त्यातल्या आजारी पडल्या दोघीच, मावशी आणि धाकटी. दोघी गुरुवारी माझ्यासमोर होत्या. मास्तर आपले केस आपणच विंचरतात आणि काकांच्या डोक्यावर विंचरायला काही उरलेलं नाही. ते दोघं तिच्या कंगव्याखाली आलेच नाहीत. तिला शनिवारी ताप आला आणि त्या चौघांनाही शनिवारीच. तिने कुणाला दिला नाही. तिने तो त्यांच्याबरोबर घेतला, माझ्याकडून.

अजून एक सांगायचंय, ते याहून जुनं आहे. आठवीत तू वसतिगृहाच्या आजारखोलीत तीन आठवडे होतीस आणि स्नेहसंमेलनात तुझं गाणं दुसऱ्या मुलीने म्हटलं. त्याच्या आधीच्या सोमवारी मी तापात शाळेत आले होते. आईने अंगाला हात लावू नये म्हणून तिच्याआधी उठून, आवरून निघाले. तू माझ्या शेजारी बसायचीस. त्याच वर्षाअखेर मदरनी माझं नाव सगळ्यांना उदाहरण म्हणून सांगितलं, आणि तू सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्यास. त्या टाळ्या मला अधूनमधून ऐकू येतात.

सोमवारी मॅनेजरबाईंना जाऊन सांगणार आहे. हे पत्र आधी पेटीत टाकते, म्हणजे मला परत फिरता येणार नाही. मावशींना मी सांगावं की तू, ते तू ठरव.

काना


बुधवार, १२ फेब्रुवारी

काना,

दोन आठवडे मी तुला उत्तर लिहिलं नाही. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. पहिलं पत्र तू वाचलं असतंस तर आपली मैत्री तिथेच संपली असती. दुसरं फार शहाण्यासारखं होतं, म्हणून तेही फाडलं.

आईला शुक्रवारी आश्रमात परत आणलं, हे तुला कळलंच असेल. नळी निघाली. पण पायांतली ताकद गेली आहे. डॉक्टर म्हणतात, आता चाकाच्या खुर्चीवरच. वाचायच्या खोलीपर्यंत ती ज्या मिजाशीत चालत जायची, ते गेलं. हे मी तुला लपवून सांगणार नाही. तिने लस घेतली होती, म्हणून निदान एवढ्यावर भागलं. म्हाताऱ्या शरीरात लस पुरती रुजत नाही. म्हणून त्यांच्या आसपास वावरणाऱ्यांनी घ्यायची असते. दरवर्षी घ्यायची, कारण हा विषाणू दरवर्षी रूप पालटून येतो. हे मी शेकडो बायकांना सांगितलं. माझ्या आईजवळ दर गुरुवारी बसणाऱ्या बाईला मात्र नीट बसवून एकदाही सांगितलं नाही.

आता माझं ऐक.

तुझं दहा तारखेचं पत्र मी काल पुन्हा काढलं. त्याच्या ओळी उतरत्या आहेत. सिस्टर पट्टी घेऊन मागे उभ्या राहायच्या तेव्हापासून तुझी ओळ कधी उतरलेली नाही. शुक्रवारी सकाळी हात इतका थरथरतो, म्हणजे आजाराला दोन दिवस तरी झालेले असणार. लागण झाल्यापासून ताप यायला साधारण दोन दिवस लागतात, मग त्या बाईकडून तो तुला लागायला कधीचा हिशेब मांडायचा? माझ्यासारखीला हे बोटांवर मोजता येतं. मी मोजलं नाही. पत्र वाचताना माझी नजर त्या ओळींवर थांबली होती, काना, आणि मी पान उलटलं. तुझ्यावर रागावणं मला परवडलं नसतं. जिला मी कधी पाहिलं नव्हतं, जिचं नावही मला ठाऊक नाही, तिच्यावर रागावणं सोपं होतं.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मत पाठवलं, पण ते वेगळं. त्याच्याबरोबर कंगवाबाईला एक चिठ्ठी. त्यात काय लिहिलं ते ती तुला सांगेल तर सांगेल.

आठवीचं म्हणशील तर मला तेव्हाच माहीत होतं. सोमवारी तुझा हात माझ्या हाताला लागला तो इस्त्रीसारखा गरम होता. मी बाईंना सांगितलं नाही, कारण तुला ती पिन हवी होती. तेव्हा तुझ्याइतकीच मीही मूर्ख होते, आणि त्या टाळ्या खऱ्या होत्या.

आईला तूच सांग. तिच्यासमोर बसून. खिडकी उघडी ठेव.

टिंब


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

प्रिय टिंब,

सांगितलं. काल, गुरुवारी, चार वाजता. मॅनेजरबाईंनी भेटी सुरू केल्या आहेत. दोन्ही खिडक्या उघड्या, खुर्च्या लांब लांब, मास्तर दोन शाली घेऊन बसले होते. मावशींची चाकाची खुर्ची दाराजवळ, वही मांडीवर. कंगवाबाई तिच्या स्टुलावर. ती एक तारखेपासून कामावर आहे. मॅनेजरबाईंनी तिची माफी मागितली, मीही फाटकाशी जाऊन मागितली. ती म्हणाली, "ताई, तुम्ही बघते म्हणालात, मला वाटलं तुम्ही नुसतंच म्हणालात." तुझ्या चिठ्ठीबद्दल विचारलं नाही. ती तिच्या पर्समध्ये, कंगव्यांच्या डबीखाली घडी करून ठेवलेली असते, एवढं मी पाहिलं.

मी उभी राहिले आणि सांगितलं की आजार मी आणला. ताप असताना आले, गोळी घेऊन आले, कुणाला बोलले नाही, आणि दुसरीवर नाव आलं तरी बारा दिवस गप्प बसले.

थोरल्या बहिणीने धाकटीचा हात धरला आणि मला वाटलं, आता मला जायला सांगतील. मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी आठ दिवस पाणीसुद्धा दुसऱ्याच्या हातून प्यालो." ते खरं होतं.

मग काका म्हणाले, "चला, एक खुनी सापडला. आता पुस्तकातला सांगा."

धाकटी हसली. मास्तरही शालीत तोंड घालून हसले, पण जरा उशिराने.

मावशी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "कारखान्यात खोकणारी बाई दिसली की मी तिला फाटकावरून घरी पाठवायची. भट्टीशी एक खोकली की आठवड्यात अख्खी पाळी खोकायची. बायका माझ्याशी भांडायच्या. त्या दिवशी तुझे डोळे मला दिसले होते. मी लिहिलं, पण तुला परत पाठवलं नाही. गुरुवार मलाही हवा होता." आणि वही मिटून, "वाच आता. दोन प्रकरणं राहिलीत."

एकच वाचलं. दुसरं पुढच्या गुरुवारसाठी ठेवलं.

तुझी,
काना


गुरुवार, ११ डिसेंबर

प्रिय टिंब,

आज चार वाजता मी घरी होते आणि आता तुला लिहितेय, यावरून तू काय ते ओळखशीलच. घाबरू नकोस. नात धरून चालायला लागली आणि तिलाही लस टोचली, हे काल वाचलं म्हणून मी आज सकाळी उठले ती हसतच, आणि गिळताना घसा दुखला. ताप नव्याण्णव. बहुधा साधी सर्दी आहे. आश्रमातल्या लशीच्या दिवशी मी रांगेत दुसरी होते, पहिली कंगवाबाई. पण बहुधा या शब्दावर मी आता पायऱ्या चढत नाही.

सकाळीच कंगवाबाईला कळवलं. हल्ली फाटकावर तीच उभी असते आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारते: ताप, खोकला, घसा? हात धुतले का, साबणाने? डॉक्टरांनासुद्धा विचारते. मी विचारलं, वाचनाचं काय? ती म्हणाली, "मी वाचते ताई. शाळेत असताना मी नाटकात होते."

दुपारभर घड्याळाकडे बघत बसले. चार वाजून तीन मिनिटं झाली तेव्हा उगाच उठून उभी राहिले. साडेपाचच्या सुमाराला पत्रपेटीत काही पडल्याचा आवाज आला. दार उघडेपर्यंत आश्रमाचा माळी फाटकाबाहेर गेला होता. मावशींच्या वहीचं फाडलेलं पान होतं. कारखान्यातसुद्धा त्यांनी कधी वहीचं पान फाडलं नसेल. अक्षर वाकडं आहे, ओळी उतरल्या आहेत, पण प्रत्येक शब्द वाचता येतो. तुझ्यासाठी उतरवते. मूळ पान मी ठेवणार आहे, पिनेच्या डबीत. पिन काढून टाकली, डबी चांगली आहे.

"गुरुवार, ११ डिसेंबर. काना: खाडा. पस्तीस वर्षांत इतक्या खुशीने कुणाचा मांडला नव्हता. ताप उतरून, गोळीशिवाय, एक अख्खा दिवस झाला की ये. खुर्ची ठेवली आहे. ही बाई वाचताना हावभाव करते, तू करत नाहीस. मावशी."

तुझी,
काना